गुणोत्तराचं बटण नसलेलं यंत्र: मोलच्या गणितांसाठी कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस

सायंटिफिक कॅल्क्युलेटरची परीक्षणं बहुतेक गणिताच्या अंगाने लिहिलेली असतात: समीकरणं सुटतात का, मॅट्रिक्स आहे का, वगैरे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. त्याला हवं असतं ते साधं: मोठे घात बिनचूक टाइप व्हावेत, मधली उत्तरं न गोलावता पुढे जावीत, आणि पडद्यावरचा आकडा उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगा दिसावा. म्हणून इथे हे यंत्र फक्त मोलच्या (पदार्थातले कण मोजायच्या एककाच्या) गणितांवर घासून पाहिलं आहे. पाचपैकी चार. एक गुण कापला आहे तो मुख्यतः पेटीतून निघताना ते ज्या सेटिंगवर असतं त्यासाठी.

त्या सेटिंगपासूनच सुरुवात करू, कारण पहिल्याच दिवशी तिथे गोंधळ होतो. ४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइडचे मोल काढायला ४ भागिले ४० केलं, की पडद्यावर ०.१ येत नाही, एक छेद दहा येतो. १.३२५ भागिले १०६ केलं तर एक छेद ऐंशी. गणिताच्या तासाला हे छान, पण रसायनशास्त्रात कोणी ‘एक छेद ऐंशी मोल’ लिहीत नाही. दर वेळी एस-डी बटण दाबून दशांशात आणता येतं, किंवा शिफ्ट दाबून मग बरोबरचं चिन्ह दाबलं तर थेट दशांश येतो. पण कायमचा इलाज असा: शिफ्ट, मोड, १ (मॅथ-आयओ), आणि पुढे २ (लाइन-ओ). आता अपूर्णांक टाइप करताना पुस्तकातल्यासारखा वर-खाली दिसतो आणि उत्तर मात्र दशांशात येतं. मोलच्या गणितांना हीच जोडी हवी. हा पर्याय दुसऱ्या पातळीवरच्या मेनूत असल्यामुळे अनेकांना तो सापडतच नाही, आणि ते वर्षभर एस-डी बटण झिजवत बसतात.

दुसरी सेटिंग नॉर्मची. शिफ्ट, मोड, ८ दाबल्यावर १ की २ असं विचारतं. नॉर्म १ मध्ये ०.०१ पेक्षा लहान संख्या लगेच घातात जाते: ०.००१२५ ऐवजी १.२५ × १०^-३. नॉर्म २ मध्ये ती साधी दशांशातच राहते. टायट्रेशनची (एका द्रावणाला दुसरं किती लागतं ते मोजण्याची) गणितं करणाऱ्याला नॉर्म १ सोयीचा, कारण शून्यं मोजताना होणारी चूक टळते. घातांशी अजून मैत्री नसलेल्याने नॉर्म २ ठेवावा.

रेणुवस्तुमान

अणुवस्तुमानं यंत्रात नाहीत. ती प्रश्नपत्रिकेतून किंवा आवर्तसारणीतून घ्यायची, आणि जशी दिली आहेत तशीच घ्यायची. क्लोरीन ३५.५ दिलं असेल तर ते ३६ करायचं नाही, कॉपर ६३.५ दिलं असेल तर ६४ करायचं नाही.

अ‍ॅल्युमिनियम सल्फेट घ्या. दोन अ‍ॅल्युमिनियम, आणि कंसात सल्फेट तीन वेळा. यंत्रात असं टाइप करायचं: २ × २७ + ३ × (३२ + ४ × १६). उत्तर ३४२. कंस गाळला आणि सूत्र डावीकडून उजवीकडे वाचत २ × २७ + ३२ + ४ × १६ × ३ असं टाकलं तर येतं २७८. यंत्राने चूक केलेली नाही. त्याने एकच सल्फर धरला, कारण आपण तेवढाच सांगितला. सूत्रातला कंस हा यंत्रातलाही कंस आहे, एवढं पाळलं की या प्रकारातल्या निम्म्या चुका जातात.

स्फटिकजल असलेल्या सूत्रातला मधला ठिपका हे दुसरं ठरलेलं ठिकाण. मोरचूदमध्ये, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या स्फटिकात, एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात. तो ठिपका गुणाकाराचा नाही, बेरजेचा आहे. १५९.५ + ५ × १८ = २४९.५. ठिपका पाहून १५९.५ ला ९० ने गुणणारे दर वर्षी भेटतात, आणि १४,३५५ हा आकडा पाहून त्यांना काहीच खटकत नाही, हे जास्त काळजीचं.

इथे या यंत्राची सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात कामाची सोय येते: कॅल्क बटण. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचीच संयुगं एकामागून एक करायची असतील तर १२ए + बी + १६सी असं एकदाच टाइप करा. ए, बी, सी ही अक्षरं अल्फा बटण दाबून मिळतात. मग कॅल्क दाबा. यंत्र ए किती विचारतं, ६ द्या आणि बरोबर दाबा; बी १२; सी ६. उत्तर १८०, म्हणजे ग्लुकोज. पुन्हा कॅल्क, आता २, ६, १: उत्तर ४६, इथेनॉल. सूत्र तसंच राहतं, फक्त आकडे बदलतात. सरावाच्या वहीतली वीस संयुगं पाच मिनिटांत तपासून होतात. एक सावधगिरी: यंत्र मागच्या वेळचा आकडा दाखवत विचारतं. न बघता बरोबर दाबलं तर इथेनॉलमध्ये ग्लुकोजचे हायड्रोजन घुसतात.

मोठे घात

अ‍ॅव्होगॅड्रो अंकाची, म्हणजे एका मोलमधल्या कणांच्या संख्येची, गणितं बिघडतात ती जवळजवळ नेहमी एकाच बटणामुळे. तळच्या ओळीत, दशांश चिन्हाच्या उजवीकडे, ‘गुणिले दहा’ आणि वर घात असं छापलेलं बटण आहे. ६.०२२ × १०^२३ लिहायचं तर ६.०२२, मग ते बटण, मग २३. तीनच पायऱ्या, आणि यंत्र ती सगळी मिळून एक संख्या मानतं.

हेच गुणाकाराचं चिन्ह, १०, घाताचं वेगळं बटण, २३ असं सुट्टं टाइप केलं तर काय होतं ते पाहा. १.५ × १०^२४ रेणूंचे मोल काढायचे आहेत. एका ओळीत भागाकाराचं चिन्ह वापरून दोन्ही संख्या सुट्ट्या टाइप केल्या, की यंत्र डावीकडून उजवीकडे जातं: आधी ६.०२२ ने भागतं आणि नंतर १०^२३ ने गुणतं. उत्तर २.४९ × १०^४६ मोल. खरं उत्तर २.४९ मोल. दहाच्या घाताचं बटण वापरलं की ही भानगडच उरत नाही. अपूर्णांकाची चौकट वापरली तर छेद छेदातच राहतो, मग सुट्टं टाइप केलेलंही चालतं. तरीही बटणाचीच सवय लावावी, कारण साध्या दोन ओळींच्या एफएक्स-८२एमएससारख्या यंत्रावर ती चौकट नसते आणि परीक्षेच्या दिवशी हातात कोणतं यंत्र येईल सांगता येत नाही.

याच बटणाची दुसरी चूक उलट दिशेची. १०^२३ लिहायचं म्हणून १०, मग ते बटण, मग २३. झालं १० × १०^२३, म्हणजे १०^२४. उत्तर बरोबर दहापट चुकलं की आधी इथे शोधावं. सुरुवात १ ने करायची. आणि ऋण घातासाठी वजाबाकीचं नाही, कंसातलं छोटं ऋणचिन्ह असलेलं बटण.

अ‍ॅव्होगॅड्रो अंक यंत्रात साठवलेलाही आहे: शिफ्ट, ७, मग २४. यादी झाकणाच्या आतल्या बाजूला असते. २० मे २०१९ पासून या अंकाची किंमत व्याख्येनेच ठरलेली आहे, नेमकी ६.०२२१४०७६ × १०^२३. त्याआधी बनलेल्या यंत्रात शेवटचे काही अंक वेगळे दिसतील. शालेय उत्तराला त्याने काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो प्रश्नपत्रिकेने ६.०२२ किंवा नुसतं ६.०२ दिलं असताना यंत्रातली लांबलचक किंमत वापरण्याने. तपासणाऱ्याला पायरीत दिलेला आकडा दिसला पाहिजे, म्हणून तो हातानेच टाइप करावा.

आणि एक गोष्ट यंत्र कधीच विचारणार नाही: कशाचे कण? ९ ग्रॅम पाणी म्हणजे ०.५ मोल, म्हणजे ३.०११ × १०^२३ रेणू. अणू विचारले असतील तर तीनने गुणून ९.०३३ × १०^२३. हायड्रोजनचे अणू विचारले असतील तर दोनने. प्रश्नातल्या त्या एका शब्दाखाली रेघ ओढल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.

जिथे यंत्र गप्प बसतं

मोलच्या गणिताची तीन पावलं: दिलेल्याचे मोल करा, समीकरणातल्या गुणोत्तराने दुसऱ्या पदार्थाचे मोल काढा, मग ते मागितलेल्या एककात न्या. पहिल्या आणि तिसऱ्या पावलाला हे यंत्र उत्तम. दुसऱ्याला त्याच्याकडे बटण नाही. आणि गुण जातात ते तिथेच.

अ‍ॅल्युमिनियम आणि क्लोरीनचं उदाहरण जवळून पाहू. दोन अ‍ॅल्युमिनियमला क्लोरीनचे तीन रेणू लागतात आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे दोन तयार होतात. दिलं आहे ५.४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम आणि १४.२ ग्रॅम क्लोरीन वायू. किती ग्रॅम क्लोराइड मिळेल?

५.४ भागिले २७, ०.२ मोल. १४.२ भागिले ७१, तेही ०.२ मोल. क्लोरीनला ७१ का, ३५.५ का नाही? कारण वायू रेणूरूपात आहे, एका रेणूत दोन अणू. इथेच ज्याने ३५.५ धरलं त्याचे ०.४ मोल आले आणि पुढचं सगळं वाया गेलं.

दोन्हीचे मोल सारखे दिसले की ‘दोन्ही पूर्ण वापरले जातात’ असं लिहायचा मोह होतो. पण मोल तसेच तोलायचे नाहीत. आपापल्या सहगुणकाने, म्हणजे समीकरणात त्या पदार्थासमोर असलेल्या आकड्याने, भागून तोलायचे. अ‍ॅल्युमिनियम: ०.२ भागिले २, ०.१. क्लोरीन: ०.२ भागिले ३, ०.०६६७. लहान आकडा क्लोरीनचा, म्हणून लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, क्लोरीन. पुढचा सगळा हिशेब क्लोरीनवरून.

क्लोराइडचे मोल = ०.२ × २ ÷ ३ = ०.१३३३३… आता या आकड्याचं काय करता त्यावर उत्तर ठरतं. वहीत ०.१३ लिहून तोच पुन्हा टाइप केला आणि १३३.५ ने गुणला तर १७.३६ ग्रॅम. आकडा पडद्यावरच ठेवून नुसतं गुणिले १३३.५ दाबलं तर १७.८ ग्रॅम. गुणिले दाबताच यंत्र आपोआप मागचं उत्तर घेतं, पडद्यावर ‘आन्स’ असं दिसतं. आत ते पडद्यावर दिसतात त्याहून जास्त अंक सांभाळून असतं. वहीत ०.१३३ लिहा, पण यंत्रात तो परत टाइप करू नका.

पडताळा मोफत मिळतो. ०.१३३३ मोल अ‍ॅल्युमिनियम म्हणजे ३.६ ग्रॅम वापरलं. त्यात क्लोरीन १४.२ ग्रॅम, बेरीज १७.८. जुळलं. उरलं १.८ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम. उलट, चुकून अ‍ॅल्युमिनियमवरून हिशेब केला असता तर ०.२ × १३३.५ = २६.७ ग्रॅम आले असते, आणि दोन्ही पदार्थ मिळून मुळात १९.६ ग्रॅमच होते. एवढी एक बेरीज केली तरी चुकीचं उत्तर खोलीतून पळून जातं.

आन्सला एक मर्यादा आहे: बरोबर दाबलं की तो बदलतो. दोन फांद्या असलेल्या गणितात, जसं वरचं, अ‍ॅल्युमिनियमचे मोल आले की ते साठवून ठेवावेत. शिफ्ट, आरसीएल, मग ऋणचिन्हाचं बटण: गेले ‘ए’मध्ये. क्लोरीनचे त्याच्या शेजारच्या अंश-मिनिटांच्या बटणावर, ‘बी’मध्ये. ही साठवण यंत्र बंद केल्यावरही पुसली जात नाही. सोय आहे आणि सापळाही: नवीन गणितात साठवायचं विसरलात तर कालचा ‘ए’ निमूटपणे हजर होतो. बेरजेसाठी एम-प्लस वापरणाऱ्यांनी तर पडद्याच्या वर ‘एम’ दिसतोय का हे आधी बघावं; दिसत असेल तर आत काहीतरी जुनं पडलेलं आहे.

टायट्रेशन

इथे यंत्राचं ईएनजी बटण पैसे वसूल करून देतं. १.३२५ ग्रॅम सोडियम कार्बोनेट पाण्यात विरघळवून २५० घन सेंमी द्रावण केलं. त्यातलं २५.० घन सेंमी घेतलं, आणि त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल लागलं २४.६५ घन सेंमी. आम्लाची संहती?

१.३२५ ÷ १०६ = ०.०१२५ मोल, सगळ्या २५० मध्ये. त्यातला दहावा भाग घेतला, म्हणून ०.००१२५ मोल. ईएनजी दाबा: १.२५ × १०^-३, म्हणजे १.२५ मिलिमोल. हे बटण घात नेहमी तीनच्या पटीत आणतं, त्यामुळे मोलमधून मिलिमोल वाचता येतात. एका कार्बोनेटला दोन आम्ल, म्हणून २.५ मिलिमोल. आता २.५ मिलिमोल भागिले २४.६५ घन सेंमी: ०.१०१४ मोल प्रति लिटर. मिलिमोल आणि घन सेंमी एकत्र ठेवले की हजाराने भागणं-गुणणं दोन्ही बाजूंनी उडून जातं. ज्यांना नेहमी ‘हजार कुठे टाकायचा’ हा प्रश्न पडतो त्यांनी ही पद्धत धरावी. पण मग पूर्ण धरावी. वर मोल आणि खाली घन सेंमी अशी खिचडी केली तर उत्तर हजारपट लहान येतं.

०.०२५ च्या आसपास उत्तर आलं तर समजावं, गुणोत्तर उलटं लागलं: दोनने गुणायच्या ऐवजी भागलं. चौपट फरक ही त्याची खूण. ०.०५०७ आलं तर गुणोत्तर लावलंच नाही. आणि १.०१४ आलं तर २५० मधले २५ घ्यायचे विसरलात. चुकीच्या उत्तरावरून चूक ओळखता येणं हे या प्रकारातलं खरं कौशल्य आहे.

किती अंक लिहायचे? २४.६५ आणि १.३२५ दोन्हीत चार सार्थ अंक आहेत, २५.० मध्ये तीन. प्रश्नाने सांगितलं नसेल तर तीन लिहिले तरी चालतात, ०.१०१. शिफ्ट, मोड, ७, मग ३ केलं की यंत्र प्रत्येक उत्तर तीन सार्थ अंकांतच दाखवतं. छान वाटतं, पण मोरचूदचं २४९.५ तेव्हा २.५० × १०^२ दिसू लागतं आणि तोच वहीत उतरतो. म्हणून ही सेटिंग शेवटच्या ओळीपुरती लावावी. त्यासाठी इतकी बटणं दाबण्यापेक्षा डोक्यानेच गोलावलेलं बरं.

वायू

०.१२ ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण आम्लात विरघळलं: ०.००५ मोल, तेवढेच मोल हायड्रोजन. आकारमान किती, हे प्रश्नातल्या अटीवर अवलंबून आहे. खोलीच्या तापमानाला २४ लिटर प्रति मोल दिलं असेल तर १२० घन सेंमी. शून्य अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला २२.४ धरून ११२. आणि १९८२ पासून आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रमाण दाब १ बार ठरवला, त्या हिशेबाने २२.७ धरून ११३.५. पुस्तकं अजून २२.४ आणि २२.७ दोन्ही वापरतात, म्हणून प्रश्नाच्या वर दिलेला आकडा वाचूनच पुढे जावं.

यंत्रातली २६ क्रमांकाची स्थिर किंमत म्हणजे मोलार आकारमान, पण ती ०.०२२४१३… अशी येते. कारण ती घनमीटरमध्ये आहे. तिला ०.००५ ने गुणून आलेल्या १.१२ × १०^-४ ला ‘लिटर’ लिहिलं की संपलं. हजाराने गुणा, मग लिटर. लाखाने नव्हे, दशलक्षाने गुणा, मग घन सेंमी. २७ क्रमांकाला वायू स्थिरांक आहे, ८.३१४…, जूलमध्ये. त्यासोबत पास्कल आणि घनमीटर, किंवा किलोपास्कल आणि लिटर. दोन्ही जोड्या चालतात. १०० किलोपास्कल, ०.२५ लिटर, २७ अंश सेल्सिअस: १०० × ०.२५ भागिले (८.३१४ × ३००.१५) = ०.०१००२ मोल. दाब पास्कलमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये ठेवलं तर १०.०२ मोल येतील, पाव लिटरच्या बाटलीत. अ‍ॅटमॉस्फिअर आणि लिटर वापरायचे असतील तर स्थिरांक ०.०८२१ हाताने टाका. इथला छेद अपूर्णांकाच्या चौकटीतच टाइप करावा, नाहीतर कंस विसरला जातो आणि तापमानाने भागण्याऐवजी गुणलं जातं.

कंसाचीच आणखी एक खोड. कंसाआधीचं गुणाकाराचं चिन्ह गाळलं तर हे यंत्र तो गुणाकार भागाकाराच्या आधी उरकतं. ३६ ÷ २(१८) चं उत्तर १, आणि ३६ ÷ २ × १८ चं ३२४. सगळी यंत्रं असं करत नाहीत, म्हणून चिन्ह कधी गाळू नये.

मूलानुपाती सूत्र, थोडक्यात

इथे मात्र अपूर्णांकात उत्तर देण्याची जी सवय सुरुवातीला बंद केली, ती परत कामाला येते. एका संयुगात लोह ७० टक्के, ऑक्सिजन ३०; त्यांच्या अणूंचं सगळ्यात साधं गुणोत्तर काढायचं आहे. ७० ÷ ५६ = १.२५, ३० ÷ १६ = १.८७५. दुसऱ्याला पहिल्याने भागा, १.५. एस-डी दाबा, तीन छेद दोन. म्हणजे दोन लोह, तीन ऑक्सिजन. १.५ ला सरळ २ करणाऱ्या घाईवर याहून चांगलं औषध नाही. पण आकडे प्रयोगातले असले, समजा ६९.९ आणि ३०.१, तर तेच बटण २१०७ छेद १३९८ असं काहीतरी तोंडावर फेकतं. घाबरायचं कारण नाही: दशांशात ते १.५०७ आहे, आणि प्रयोगात एवढा फरक असतोच. ०.०५ च्या आतला फरक सोडून द्यावा, ०.२५, ०.३३, ०.५ च्या जवळ असेल तर चार, तीन, दोनने गुणावं.

स्फटिकजलाच्या गणितात (२.४९५ ग्रॅम मोरचूद तापवून १.५९५ ग्रॅम उरला, तर पाण्याचे रेणू किती?) सॉल्व्ह वापरून एक्स काढता येतो: २.४९५ छेद (१५९.५ + १८ एक्स) बरोबर १.५९५ छेद १५९.५, आणि यंत्र ५ सांगतं. पडताळ्याला ठीक. उत्तरपत्रिकेत मात्र ०.९०० ग्रॅम पाणी, ०.०५ मोल, ०.०१ मोल निर्जल क्षार, गुणोत्तर ५ या ओळी दिसायला हव्यात. गुण त्यांना आहेत.

बाकी यंत्र म्हणून तक्रारीला जागा कमी. सौर पट्टी आणि एलआर४४ बटण-सेल दोन्ही आहेत. वरचा बाण दाबून मागची गणितं पुन्हा पाहता येतात, आणि चुकलेलं उत्तर कुठे चुकलं हे शोधायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. फक्त ऑन बटण दाबलं किंवा मोड बदलला की तो इतिहास जातो, म्हणून पडदा साफ करायला एसीच वापरावं. स्थिरांक साठवलेलं यंत्र काही परीक्षांत चालत नाही, ते आधी विचारून घ्यावं. मोल, वस्तुमान आणि मोलार वस्तुमानाचा तो प्रसिद्ध त्रिकोण यंत्राच्या पाठीवर चिकटवणाऱ्यांनी तो परीक्षेआधी काढावाच. शिवाय त्याने पहिलं आणि तिसरं पाऊलच सांभाळलं जातं, जे यंत्रही सांभाळतंच.

परीक्षागृहात शिरताना यंत्र रिसेट करायला सांगितलं तर शिफ्ट, ९, ३, बरोबर, एसी. साठवलेली सगळी अक्षरं शून्य होतात, कालचा ‘ए’ही. पण त्याबरोबर मॅथ-ओ परत येतं, आणि पहिल्याच गणितात ४ भागिले ४० चं उत्तर पुन्हा एक छेद दहा. प्रश्नपत्रिका हातात पडायच्या आधी शिफ्ट, मोड, १, २.